चाळीस हजार पाणमांजरं गेली कुठे?

अलास्काच्या नैर्ऋत्येला अल्युशियन बेटांची लांबलचक रांग आहे. तिथल्या समुद्री पाणमांजरांची फर प्राणिसृष्टीत सर्वांत दाट. चौरस इंचभर कातडीवर लाखो केस! या फरसाठी १७४१ नंतर त्यांची इतकी कत्तल झाली, की १९११च्या करारानं शिकार थांबली तेव्हा जगात जेमतेम एक-दोन हजार उरली होती. पुढे अल्युशियनमध्ये ती पुन्हा फोफावली आणि १९९०च्या दशकात अचानक नाहीशी होऊ लागली. दरवर्षी जवळजवळ पाव हिस्सा कमी! काही वर्षांत सुमारे ४०,०००.

काय झालं असेल?

संशोधक जेम्स एस्टीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक शक्यता तपासायला घेतली. दुसरीकडे गेली म्हणावं, तर शेजारच्या बेटांवरही तीच ओहोटी. जन्म घटले म्हणावं, तर पिल्लं पूर्वीसारखीच होत होती. उपासमार? हा प्राणी रोज आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं खातो, पण त्याचं आवडतं खाद्य, काटेरी सी अर्चिन, समुद्रतळाशी उलट वाढत चाललं होतं. मग रोग किंवा विष? तसं असतं तर किनाऱ्यावर मेलेली, खंगलेली जनावरं सापडली असती. सापडत नव्हती. मला या तपासात सर्वांत थक्क करतं ते हेच: न सापडलेली प्रेतंच साक्ष देत होती. कुणीतरी पाणमांजरं अख्खी गिळत होतं.

१९९१मध्ये ऑर्का देवमाशानं पाणमांजरावर केलेला हल्ला दिसला होता. पण सील आणि सी लायन खाणाऱ्या ऑर्कानं इतकुश्या प्राण्यामागे लागायचं म्हणजे जेवणाऐवजी फुटाण्यांवर पोट भरण्यासारखंच!

पुरावा मिळाला अडॅक बेटावर. तिथल्या क्लॅम लगून या खाजणाचं तोंड अरुंद आणि उथळ. ऑर्का आत शिरूच शकत नाही. शेजारचा कुलुक उपसागर मात्र सताड उघडा. दोन्हीकडच्या पाणमांजरांवर खुणा करून ठेवल्या. दोन वर्षांत उपसागरातली ६५ टक्के नाहीशी झाली, खाजणातली फक्त १२! निसर्गानं प्रयोग आधीच मांडून ठेवला होता, फक्त मोजायचं होतं.

पण डोळ्यांदेखत झालेले हल्ले होते अवघे सहा. चाळीस हजारांपुढे सहा? संशोधकांनी आपल्या निरीक्षणाचे तास मोजले आणि गणित केलं: सगळा ऱ्हास ऑर्कांमुळेच झाला असेल, तर एवढ्या वेळात किती हल्ले दिसायला हवेत? उत्तर आलं साधारण पाच. आणखी एक गणित तर अंगावर काटा आणतं. फक्त पाणमांजरंच खाणारे चारापेक्षाही कमी ऑर्का एवढा संहार करू शकतात! १९९८मध्ये हे सगळं ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

पाणमांजरं गेली, सी अर्चिन माजले आणि त्यांनी केल्प या उंच समुद्री शैवालाची जंगलं कुरतडून टाकली.

ऑर्का फुटाण्यांवर का आले? कारण त्याआधीच तिथले सी लायन आणि सील घटले होते. मग ते का घटले? व्यापारी शिकारीनं मोठे देवमासे संपल्यावर ऑर्का खाद्याच्या शोधात एकेक पायरी खाली उतरत गेले, असं २००३मध्ये एका गटानं मांडलं. मला ही मांडणी विलक्षण मोहक वाटते. पण ऑर्का पूर्वी मोठे देवमासे खरंच एवढ्या प्रमाणात खात होते का, इथेच विरोधक बोट ठेवतात, आणि तो वाद मिटलेला नाही.