जळवा धरणारा म्हातारा

एखादें चित्र, एखादा पुतळा अथवा एखादी कविता मनाला भिडली कीं, "हें याला सुचलें तरी कसें?" असा प्रश्न आपणां सर्वांच्या मनांत उभा राहतो. शाळेंत कविता शिकवीत असतांना मुलें मला हाच प्रश्न दरवर्षीं विचारीत, आणि "प्रतिभा" एवढा एकच शब्द फळ्यावर लिहून त्यांची बोळवण करणें मला कधींच प्रशस्त वाटलें नाहीं. क्रौंचवधाची कथा आपणांस ठाऊक आहे. तमसेच्या तीरीं व्याधाच्या बाणानें पडलेला पक्षी वाल्मीकींनीं पाहिला आणि शोकाचा श्लोक झाला. कथा मोठी सुंदर खरी. परंतु तिच्यांत प्रसंग घडतो आणि त्याच क्षणीं काव्य प्रकट होतें. सामान्यतः असें होत नाहीं. प्रसंग आणि कृति यांच्यामध्यें महिने जातात, वर्षें जातात, आणि त्या मधल्या काळांत काय घडलें हें पाहण्याची सोय आपणांस क्वचितच लाभते. कारण प्रसंगाच्या वेळीं शेजारीं उभें राहून तो जसाचा तसा टिपून ठेवणारें दुसरें माणूस सहसा नसतें.

वर्ड्स्वर्थ या इंग्रज कवीच्या बाबतींत असें दुसरें माणूस होतें. तें म्हणजे त्याची धाकटी बहीण डॉरथी. उत्तर इंग्लंडांतील सरोवरांच्या प्रदेशांत, ग्रासमियर या गांवीं, हीं भावंडें एका लहानशा घरांत राहत असत. १८०० सालच्या मे महिन्यांत डॉरथीनें रोजनिशी लिहावयास घेतली, ती भावाला वाचून आनंद व्हावा म्हणून. त्या रोजनिशींत ३ ऑक्टोबर १८०० या तारखेखालीं एका म्हाताऱ्याची हकीगत आहे. एका स्नेह्यास पोंचवून दोघें घरीं परत येत असतां तो त्यांना वाटेंत भेटला होता.

म्हातारा कमरेंत जवळजवळ दुणावला होता. अंगांत बंडी व कोट, त्यावर खांद्यावरून टाकलेला आणखी एक कोट, त्याखालीं एक गांठोडें, पुढें फडकें बांधलेलें आणि डोक्याला रात्रीं निजतांना घालतात तसली टोपी. डोळे काळे, नाक लांब. त्याचे आईबाप स्कॉच, पण त्याचा जन्म लष्कराच्या छावणींतला. बायको चांगली होती असें तो म्हणाला. देवानें दहा मुलें दिलीं. त्यांतलें एक सोडून सारीं गेलीं, आणि तें एक खलाशी होऊन गेलें, त्याचीही कित्येक वर्षांत वार्ता नाहीं. गाडी हांकतांना अपघात होऊन त्याचा पाय मोडला होता, अंगावरून गाडी गेली होती आणि कवटीला तडा गेला होता. त्याचा धंदा जळवा धरण्याचा.

या धंद्याविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. दूषित रक्त काढण्यासाठीं जळवा लावण्याची पद्धत आपणांस परकी नाहीं. सुश्रुतसंहितेंत तिचें सविस्तर वर्णन आहे. (तुटलेलें बोट पुन्हा जोडल्यावर तेथें सांचणारें रक्त काढण्यास आजचे शस्त्रवैद्यही प्रसंगीं जळू लावतात.) युरोपांत त्या काळीं रक्त काढणें हा जणुं सर्व रोगांवरचा उतारा होऊन बसला होता, आणि पुढें तर त्याचें वेड इतकें वाढलें कीं, १८३३ सालीं एकट्या फ्रान्सनें चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणविल्या. त्या धरावयाच्या म्हणजे उघड्या पायांनीं डबक्यांत उभें राहावयाचें आणि त्या पायाला चिकटल्या म्हणजे काढून घ्यावयाच्या. थोडक्यांत, पोटासाठीं स्वतःचें रक्त द्यावयाचें. म्हातारा सांगत होता कीं, पूर्वीं शंभर जळवांना अडीच शिलिंग पडत, आतां तीस पडतात. मागणी फार, जळूची वाढ मंद, त्यांत तें वर्ष अवर्षणाचें. भाव बारापट झाला. पण त्याचा लाभ त्याला कोठला? जळवा मिळत नव्हत्या आणि त्या शोधण्याचें त्राणही त्याच्यांत उरलें नव्हतें. तो भीक मागून राहत होता. कार्लाइल शहरीं जाऊन थोडीं धार्मिक पुस्तकें विकत घ्यावीं व तीं फिरून विकावीं, असा त्याचा विचार होता. डॉरथीनें हें सारें लिहून ठेवलें. भावानें त्या वेळीं एक ओळही लिहिली नाहीं.

अशीं एकोणीस महिने गेले. १८०२ चा वसंत आला. वर्ड्स्वर्थला बत्तिसावें वर्ष पुरें झालें होतें. लग्न ठरलें होतें, आणि निश्चित उत्पन्न असें फारसें कांहीं नव्हतें. त्याचा परममित्र कोलरिज प्रकृतीनें व मनानें खचला होता, आणि आपली निर्माणशक्ति आटत चालल्याचें दुःख त्यानें त्याच एप्रिलांत पद्यांत लिहून ठेवलें होतें. अशा दिवसांत वर्ड्स्वर्थ एकदां अल्स्वॉटर सरोवराच्या टोकाशीं असलेल्या क्लार्कसन या स्नेह्याच्या घरून, बार्टन फेल नांवाच्या डोंगरावरून चालला होता. माथ्यावर एक ससा बागडत होता. आणि सर्व सृष्टि आनंदांत असतांना याच्या मनावर एकाएकीं काळोख पसरला. सतराव्या वर्षीं संपलेला चॅटर्टन आणि सदतिसाव्या वर्षीं गेलेला बर्न्स त्याला आठवले. कवींचा आरंभ आनंदांत होतो आणि शेवट विपत्तींत, मग माझें काय होणार, ही ती भीति होती.

आतां माझ्या मतें सगळ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे. म्हातारा भेटला तेव्हां कवीला त्याची गरज नव्हती. त्याचें कुतूहल वाटलें असेल, कींव आली असेल. परंतु कींव आली म्हणजे काव्य होतें असें नाहीं. दीड वर्षानें जेव्हां त्याच्या स्वतःच्या मनांत, "सर्व गेल्यावर माणूस उभा कशाच्या बळावर राहतो?" हा प्रश्न पेटला, तेव्हां त्याचें उत्तर स्मरणांत आधींच येऊन बसलेलें होतें. मे महिन्याच्या आरंभीं त्यानें कविता लिहावयास घेतली आणि जुलैच्या आरंभीं ती पुरी केली. १८०७ सालीं ती छापली गेली. 'रेझोल्यूशन अँड इंडिपेंडन्स', म्हणजे 'निर्धार आणि स्वावलंबन', हें तिचें नांव.

कवितेंत म्हातारा घराजवळच्या वाटेवर भेटत नाहीं. ओसाड माळावर, एका डबक्याकांठीं भेटतो. वेळ संध्याकाळची नव्हे, पावसाची रात्र सरून उजाडलेल्या सकाळची. बहीण नाहींशी झाली आहे. कवि एकटाच आहे. (डॅफोडिल फुलांच्या त्याच्या सुप्रसिद्ध कवितेंतही तो एकटाच भटकतो, वास्तविक १५ एप्रिल १८०२ रोजीं तीं फुलें दोघांनीं मिळून पाहिलीं होतीं. बिचाऱ्या डॉरथीच्या वांट्याला हें नेहमींचेंच.) दहा मुलें गेलीं, अपघात गेला, भाव गेले. आणि सर्वांत मोठा बदल हा कीं, खरा म्हातारा धंदा सोडून भीक मागत होता. कवितेंतला म्हातारा अजून डबक्याडबक्यानें हिंडून, जळवा कमी झाल्या तरी नेटानें त्या शोधीत, प्रामाणिकपणें पोट भरतो.

"मग हें खोटें नाहीं का?" असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि तो हंसण्यावारी नेऊं नये. भिकाऱ्याची विपत्ति पाहून तिच्यांतून आपल्या मनाला धीर काढून घ्यावयाचा, आणि तो अधिक शोभावा म्हणून त्याची भीकच पुसून टाकावयाची, यांत अन्याय आहे असें मलाही वाटतें. परंतु हें कवीनें अजाणतां केलें नाहीं. कवितेचा पहिला खर्डा त्यानें आपल्या वाग्दत्त वधूला व तिची बहीण सारा हिला पाठविला होता. त्यांत म्हाताऱ्याचें स्वतःचें बोलणें पुष्कळ होतें; हिंवाळ्यांत धार्मिक पुस्तकें घेऊन गांवोगांव फिरतों, हेंही होतें. साराला तें कंटाळवाणें वाटलें. १४ जून १८०२ रोजीं कवीनें तिला जें उत्तर लिहिलें, तें चांगलेंच रागाचें आहे. बायको व दहा मुलें यांच्यामागें उरलेला, अन्यायी समाजस्थितीनें लादलेली गरज आणि आपलें धैर्य बरोबर घेऊन डोंगरांतून एकटा हिंडणारा असा हा पुरुष, याहून मनावर ठसणारी मूर्ति मला कल्पितां येत नाहीं, असा त्याचा आशय आहे. त्याच पत्रांत तो एका क्रियापदावर अडून बसतो. डबक्यापाशीं म्हातारा उभा होता असें नव्हे, बसला होता असें नव्हे. नुसता 'होता', एवढेंच मीं म्हटलें आहे, याकडे लक्ष द्या, असें तो बजावतो. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार आवडते.

पत्र रागाचें लिहिलें, पण सूचना मानली. म्हाताऱ्याचें आत्मवृत्त त्यानें काढून टाकलें, आणि त्याजागीं उपमा घातल्या. उघड्या माथ्यावर पडलेला प्रचंड धोंडा, आणि उन्हांत पडण्यासाठीं समुद्रांतून वर सरपटत आलेला एखादा जलचर, अशा दोन वस्तूंसारखा तो म्हातारा दिसतो. १८१५ च्या प्रस्तावनेंत त्यानें या उपमांची फोड स्वतःच केली आहे. धोंड्याला थोडा जीव देऊन जलचराजवळ आणला, जलचराचा थोडा जीव काढून धोंड्याजवळ नेला, आणि दोन्ही जेथें मिळालीं तेथें तो वृद्ध बसविला. म्हणजे माहिती गेली आणि मूर्ति आली. पहिला खर्डा सहृदय आहे, पण तसे दुसऱ्या कोणाला लिहितां आले असते. दुसरा मात्र त्याचाच.

एक दोष तरीही राहिला, आणि तो लुइस कॅरलनें नेमका हेरला. कवितेंत कवि म्हाताऱ्याला, "तुम्ही काय करतां?" असें विचारतो, आणि तो सांगत असतां आपल्याच विचारांत इतका बुडतो कीं, तोच प्रश्न पुन्हा विचारतो. कॅरलनें १८५६ सालीं याचें विडंबन केलें आणि पुढें १८७१ च्या आपल्या ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकांत तें सुधारून घातलें. त्यांत विचारणारा पुनःपुन्हा विचारतो आणि उत्तराकडे बहुतेक लक्षच देत नाहीं. थट्टा बोचरी आहे, पण अगदींच निराधार नव्हे.

रस्त्यावर त्या संध्याकाळीं मात्र वर्ड्स्वर्थनें ऐकलें होतें. १८४३ सालीं, सत्तरी उलटल्यावर, त्यानें आपल्या कवितांविषयींच्या आठवणी एका स्नेही बाईंना सांगून लिहविल्या, तेव्हां या कवितेचे सांधे त्यानें आपल्या हातानें पुन्हा सुटे करून दाखविले. हा म्हातारा मला माझ्या घरापासून कांहींशें यार्डांवर भेटला. त्याची हकीगत त्याच्याच तोंडची. ती मनःस्थिति बार्टन फेलवरची. आणि ससाही त्याच डोंगरावरचा.