तापाचे मूळ सांगणारे रक्त

न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, लालबुंद दाणेदार जीभ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत एखादी गाठ. लहान मुलात हे दिसले की डॉक्टरांना गोवर आठवतो, डेंग्यू आठवतो, औषधाची ॲलर्जी आठवते. कावासाकी आजारही आठवायला हवा. टोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी असा पहिला रुग्ण १९६१ मध्ये पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्याचे खात्रीशीर निदान करणारी एकही चाचणी दवाखान्यात आजही नाही. लक्षणे मोजायची, इतर आजार वगळायचे आणि निर्णय घ्यायचा, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

या आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते. उपचार न मिळालेल्या साधारण चारपैकी एका मुलाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांवर फुगे येतात. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येते. पण हे औषध दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते आणि महाग असते. ताप आलेल्या प्रत्येक मुलाला ते देता येत नाही. त्यात सहा महिन्यांखालच्या बाळांत लक्षणे अनेकदा अपुरी असतात, आणि हृदयाला धोका त्यांनाच जास्त.

कावासाकीचे कारण अजून सापडलेले नाही, म्हणजे रक्तात शोधायला ठरावीक जंतूच नाही. मग शरीर आजाराला काय उत्तर देते आहे, तेच का वाचू नये? आपल्या जवळपास सगळ्या पेशींत जनुके तीच असतात. त्यांतली कोणती कामाला लागली आहेत, हे प्रसंगानुसार बदलते. कामाला लागलेल्या जनुकाच्या आरएनए प्रती तयार होतात आणि त्या मोजता येतात. विषाणू आला की रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक संच जागा होतो, जिवाणू आला की दुसरा, कावासाकीत तिसराच.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधला मायकेल लेव्हिन यांचा गट आणि सॅन दिएगोच्या जेन बर्न्स यांनी याच वाटेने काम केले. २०१६ मध्ये लेव्हिन यांच्या गटाने फक्त दोन जनुकांवरून जिवाणूजन्य आणि विषाणूजन्य ताप वेगळे करून दाखवले. २०१८ मध्ये दोघांच्या गटांनी मिळून कावासाकीसाठी १३ आरएनए खुणांचा संच मांडला. नव्या मुलांवर पडताळताना त्याने कावासाकीची १०० पैकी सुमारे ८६ मुले बरोबर ओळखली. २०२३ मध्ये १६१ जनुकांवरून तापाची १८ कारणे एकाच चाचणीत ओळखण्याचा प्रयत्न प्रसिद्ध झाला. जनुकांची संख्या कमी ठेवण्यामागे व्यवहार आहे. हजारो जनुके वाचायला मोठी प्रयोगशाळा आणि बरेच दिवस लागतात. मोजकीच असतील, तर ती खाटेशेजारच्या छोट्या यंत्रावर मोजता येतील. कावासाकीत दिवस वाया घालवून चालत नाही.

एक अडचण मात्र मला सर्वांत मोठी वाटते. १३ खुणांचा संच निःसंशय कावासाकी असलेल्या मुलांत उत्तम चालला. जिथे डॉक्टरांनाच फक्त शंका होती, तिथे तो बराच कमी पडला. मदत हवी असते ती नेमकी तिथे. या शंकास्पद मुलांपैकी काहींना कावासाकी नसेलही, पण चाचणी चुकली की आधीचे निदान, हे ठरवायला तिसरा पंच उपलब्ध नाही. त्यासाठी अशा मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून त्यांच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागेल.

हे संच मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या मुलांच्या रक्तावर घडले आहेत. आपल्याकडे ताप आणि पुरळ घेऊन येणाऱ्यांत डेंग्यू आणि स्क्रब टायफसही असतात. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत कावासाकीचा अभ्यास अनेक वर्षे सुरू आहे. तशा केंद्रांतून भारतीय मुलांचे नमुने तपासले गेले पाहिजेत, तरच या चाचणीवर इथे भरवसा ठेवता येईल.

तोवर पालकांनी एवढे करावे: मुलाचा ताप पाच दिवस उतरला नाही आणि सोबत डोळे, ओठ लाल दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना कावासाकीबद्दल स्वतःहून विचारावे. बाळ वर्षाच्या आतले असेल, तर बाकीची लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये.