सावलीचं पंचांग

खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा साधारण २०.७ अंश उत्तर अक्षांशावर वसलं आहे. कर्कवृत्त त्याच्या उत्तरेला, सुमारे २३.४ अंशांवर आहे. या दोन आकड्यांतल्या फरकामुळे गावातल्या प्रत्येक घराच्या आवारात दरवर्षी एक नवल घडतं. २४ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि १९-२० जुलैपर्यंत दुपारी तिकडेच असतो. या आठ आठवड्यांत दुपारची सावली घराच्या दक्षिणेला पडते. हिवाळाभर ज्या उत्तरेच्या भिंतीला ऊन शिवत नाही, तिच्यावर २१ जूनला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सूर्याची नजर असते. त्या दिवशी दक्षिणेच्या भिंतीला मात्र थेट ऊन मिळत नाही.

बागकामाची बरीच पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. लंडन ५१ अंशांवर आहे. तिथे घराची उत्तर बाजू म्हणजे जवळजवळ कायमची सावली, आणि म्हणून ‘सावलीतली झाडं उत्तरेला लावा’ हा सल्ला तिथे बरोबर ठरतो. वऱ्हाडात तो अर्धवटच लागू पडतो. इथे सावली ही ठरलेली जागा नसते, तिचं पंचांग असतं. ते वाचता आलं, तर सावलीतही वर्षातले बहुतेक महिने रंग खेळवता येतो.

भिंतीची सावली किती लांब?

दहा फूट उंचीच्या, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या भिंतीचा हिशोब करून पाहू. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंश वर असतो, त्यामुळे भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ दहा फूट पसरते. मार्च आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला ती पावणेचार-चार फुटांवर येते. २१ जूनला ती दक्षिणेला जाते आणि जेमतेम अर्धा फूट उरते. म्हणजे दिवाळीनंतर भिंतीपासून आठ फुटांवर लावलेलं सावलीप्रेमी रोप होळीनंतर दुपारच्या उन्हात सापडणार, हे आधीच सांगता येतं.

भिंतीलगतच्या रोपांनाही धोका असतो. मार्चअखेरीपासून सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीला सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन लागू लागतं. सकाळचं ऊन निरुपद्रवी असतं. पण मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना संध्याकाळी पाचचं ऊन आणि त्याबरोबर येणारी कोरडी झळ पातळ पानांच्या कडा करपवते. उपाय स्वस्त आहे: वाफ्याच्या पश्चिम टोकाला तुराट्यांची एक ताटी उभी करायची आणि पहिला चांगला पाऊस झाला की काढून टाकायची. घराची पूर्व बाजू या दृष्टीने सर्वांत सोयीची. तिथे सकाळी दोन-तीन तास कोवळं ऊन मिळतं आणि दुपारनंतर घराचीच सावली पडते. पश्चिमेची बाजू सावलीतल्या फुलांसाठी विसरलेली बरी.

सावली किती दाट आहे हे पाहायला उपकरण लागत नाही. दुपारी त्या जागी पांढरा कागद ठेवून फूटभर वर हात धरावा. बोटांची सावली ठळक उमटली तर तिथे भरपूर उजेड आहे. कडा पुसट दिसल्या तर मध्यम. हाताची सावली ओळखूच आली नाही तर ती जागा फुलांसाठी फार काळोखी आहे आणि तिथे रंगीत पानांवर समाधान मानावं.

आपली सावली उजेडाची आहे

भर दुपारच्या स्वच्छ उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात असते. वर आकाश मोकळं असलेल्या भिंतीच्या सावलीत ती दहा-वीस हजारांवर येते, दाट झाडाखाली काही हजारांवर आणि घराच्या आतल्या खोलीत काही शेकड्यांवर. थंड देशांत ढगाळ दिवशी उघड्या मैदानावरही दहा हजार लक्सच्या आसपासच उजेड असतो. म्हणजे आपण जिला सावली म्हणतो, ती तिथल्या एखाद्या दिवसाच्या उन्हाएवढी असू शकते.

जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या वनस्पतींना एवढा उजेड पुरतो. त्यांची पानं पातळ आणि रुंद असतात, आणि पूर्ण उन्हाच्या छोट्याशा हिश्श्यातच त्यांची अन्न बनवण्याची क्षमता गाठली जाते. त्याहून जास्त उजेड त्यांना वापरता येत नाही, उलट तो पानातली हरितद्रव्याची यंत्रणा बिघडवतो. सावलीतलं रोप उन्हात नेल्यावर फिकट पडतं ते यामुळे.

झाडाखाली प्रकाशच बदलतो

भिंतीची सावली आणि झाडाची सावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंत फक्त ऊन अडवते. पान त्यातला तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतं आणि माणसाच्या डोळ्याला जेमतेम जाणवणारा अतिगडद तांबडा प्रकाश खाली सोडतं. खालच्या रोपाला हा बदल कळतो. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात बेल्ट्सविल इथल्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर केलेल्या प्रयोगातून ते उलगडलं. तांबड्या प्रकाशाचा झोत दिला की बी रुजायचं, अतिगडद तांबड्याचा दिला की थांबायचं, आणि दोन्ही आलटून पालटून दिले तर शेवटचा झोत कोणता होता त्यावर निर्णय ठरायचा. या प्रकाशखुणा ओळखणाऱ्या रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम असं नाव मिळालं.

बागेत याचा अर्थ सरळ आहे. ऊन आवडणारं रोप झाडाखाली लावलं तर ‘वर कुणीतरी आहे’ अशी वर्दी त्याला मिळते; मग ते फुलं सोडून उंची वाढवत बसतं आणि काडीसारखं लुळं होतं. तेच रोप तेवढ्याच उजेडाच्या भिंतीच्या सावलीत बऱ्यापैकी आटोपशीर राहतं.

झाडाखाली जमिनीवर नाचणारे उन्हाचे कवडसे हेही एक आश्चर्य आहे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी कवडसे गोल पडतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात ते सगळे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. दाट सावलीतल्या रोपांना दिवसभरात मिळणाऱ्या प्रकाशाचा मोठा वाटा या क्षणिक कवडशांतून येतो.

शिवाय प्रत्येक झाडाच्या सावलीचा हंगाम वेगळा. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि पाडव्याच्या सुमारास कोवळ्या पालवीने भरून जातो, म्हणून ऐन उन्हाळ्यात त्याची सावली दाट. सागाचं उलट: उन्हाळाभर उघडाबोडका आणि पावसाळ्यात छत बंद. आंबा बारा महिने दाट. चिंचेची बारीक पानं कवडसे सोडतात.

उन्हाळा झोपून काढणारी फुलं

बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यानच्या ज्ञानगंगा अभयारण्यापासून संग्रामपूर तालुक्यातल्या अंबाबरवापर्यंत बुलढाणा जिल्ह्यातलं जंगल पानझडीचं आहे. अशा जंगलाच्या तळाशी राहणाऱ्या वनस्पतींपुढे दुहेरी अडचण असते: उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात प्रकाश नाही. पुष्कळ जातींनी यावर एकच उत्तर शोधलं आहे. त्या कोरडे महिने कंदाच्या रूपाने जमिनीखाली काढतात आणि वरचं छत दाट होण्याआधी घाईने फुलतात. ज्या गावात मेमध्ये पिण्याचं पाणी जपून वापरावं लागतं, तिथे बागेसाठी याहून शहाणी निवड कोणती?

*रानहळद* त्यांत पहिली. पावसाच्या सुरुवातीला तिचा तुरा थेट बुडाशी, जमिनीतून येतो; हंगाम पुढे सरकला की पुढचे तुरे पानांच्या मधून वर येतात. लांबून दिसणारा गुलाबी-जांभळा रंग फुलांचा नसतो. ती रंगीत छदपर्णं, म्हणजे फुलाभोवतीची बदललेली पानं. खरी फुलं पिवळी असून त्यांच्या खाली दडलेली असतात. फूल लवकर कोमेजतं, पण छदपर्णं बरेच दिवस टिकतात, म्हणून रंगही टिकतो.

*भुईचाफा* मेच्या सुमारास एकही पान नसताना जमिनीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं काढतो. पानं नंतर येतात. त्याच दिवसांत आफ्रिकेतून आलेली *फुटबॉल लिली* फुलते. तिच्या एका लालभडक गोळ्यात शंभराहून अधिक फुलं असू शकतात. *पेव* ऑगस्टनंतर फुलतो: लाल छदपर्णांतून चुरगळलेल्या रेशमासारखी पांढरी फुलं. त्याची पानं दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात, त्यामुळे वरचं पान खालच्याचा उजेड अडवत नाही. *कळलावी* पानांच्या टोकांनी आधार धरत कुंपणावर चढते आणि तिच्या पाकळ्या पिवळ्याच्या लाल होत जातात. पण तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं, म्हणून लहान मुलं आणि गुरं असलेल्या घरी ती लावू नये.

हे कंद रोपवाटिकेतून किंवा ओळखीच्या बागेतून घ्यावेत. अभयारण्यातून उपटून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतं.

भिंतीच्या कडेला

पूर्वेच्या सावलीत *अबोली* सर्वांत भरवशाची. वास नाही, पण केशरी रंग वर्षातले बहुतेक महिने मिळतो. तिची वाळलेली बोंडं पाणी लागताच तडतडून फुटतात आणि बी दूर उडतं, म्हणजे रुजायला ओल आली हे कळल्यावरच बोंड दार उघडतं. ‘दिल्ली’ हा गर्द केशरी प्रकार त्रिगुणित गुणसूत्रांचा असल्याने बी धरत नाही. तो छाटकलमाने वाढवावा.

*तेरड्याचं* तंत्र वेगळं. त्याची हिरवी बोंडं रसाने ताणलेली असतात आणि बोट लागताच वळून फुटतात. मृगाच्या पावसावर बी टाकलं की महालक्ष्म्यांच्या दिवसांत तो फुललेला असतो.

न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथल्या ओलाव्याला *सोनटक्का* शोभतो, मात्र साबणाचं पाणी थेट मुळांवर साचू देऊ नये. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि सुगंधावर निशाचर पतंग येतात. क्युबाने हेच फूल राष्ट्रीय फूल मानलं आहे. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग काळपट दिसतो, पांढरा आणि फिकट पिवळा उठून दिसतात. म्हणून ज्या कोपऱ्यात घरची माणसं दिवेलागणीला बसतात, तिथे फिकट रंग लावावेत आणि लाल-जांभळे सकाळच्या उजेडाच्या बाजूला.

बिगोनिया, पीस लिली आणि अँथुरियम यांना सावली चालते, पण वऱ्हाडचा कोरडा उन्हाळा चालत नाही. ते कुंडीत ठेवावेत, म्हणजे मेमध्ये ओसरीत, माठाच्या जवळ आणता येतात. महाबळेश्वरला पाहिलेला हायड्रेंजिया मात्र इथे आणून त्याचे हाल करू नयेत.

माती आणि हंगाम

इथली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कंदांना दुसरी गोष्ट कुजवते, तिसरी उघडं पाडते. म्हणून वाफा अर्धा फूट उंच करावा आणि मातीत वाळू किंवा बारीक मुरूम व कुजलेलं शेणखत मिसळावं. झाडाखाली मुळं तोडून खड्डे घेऊ नयेत आणि बुंध्याला माती लावू नये. मुळांच्या मधल्या खळग्यांत कंद बसवून वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर पसरावा. नोव्हेंबरात पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडावं. रोप मेलेलं नसतं, ते झोपायला निघालेलं असतं. या काळात घातलेलं पाणीच बहुतेक कंदांचा जीव घेतं.

असं लावलं तर मेमध्ये भुईचाफा आणि फुटबॉल लिली, जून-जुलैत रानहळद, ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा, पेव आणि सोनटक्का, हिवाळ्यात कुंडीतले बिगोनिया आणि जवळजवळ वर्षभर अबोली असा क्रम लागतो. खरेदीची वेळही यातूनच ठरते. भर बहरात रोपवाटिकेतून आणलेलं रोप जागा बदलल्याचा धक्का खातं. एप्रिल-मेमध्ये निद्रिस्त कंद आणला, तर तो पहिल्या पावसात आपल्याच मातीत जागा होतो.