फोन शेतात गेला, की घरचे नेटही गेले. संगणक जोडायचा सोपा मार्ग कोणता?

सारंगखेडा (ता. शहादा) : दत्तजयंतीची यात्रा भरली, की तापीकाठच्या या गावात घोडेबाजारासाठी देशभरातून माणसे येतात. त्याच दिवसांत घरी संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले, तर पान नुसते फिरत राहू शकते. मोबाईलवर रेंजच्या काड्या पूर्ण असतात, तरीही. काड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात, टॉवरवर जागा किती उरली ते सांगत नाहीत. एका टॉवरची क्षमता त्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. वाटेकरी वाढले, की प्रत्येकाचा वाटा घटतो.

बऱ्याच घरांत संगणक आजही मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच चालतो. त्याची खरी अडचण वेगळीच आहे. फोन वडिलांचा असतो. तो शेतात गेला, की नेटही शेतात जाते आणि अर्जासाठी लागणारा ओटीपीही.

हॉटस्पॉटच वापरायचा असेल तर?

फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा आणि सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. पासवर्ड लागत नाही, जोडणी वायफायपेक्षा स्थिर राहते आणि फोन चार्जही होत राहतो. केबल मात्र डेटा वाहून नेणारी हवी. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

दुसरे काम विंडोजमध्ये. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ही जोडणी ‘मीटर्ड’ करून ठेवा. नाहीतर अर्ज उघडण्याआधीच विंडोजचे अपडेट दिवसाचा दीड जीबी डेटा फस्त करते आणि दोष कंपनीला दिला जातो.

फायबर आले म्हणजे काय होते?

केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. पण पंचायतीपर्यंत फायबर आले म्हणजे घरात आले असे नाही. शेवटचा तुकडा दूरसंचार कंपनी किंवा स्थानिक केबलचालक टाकतो. त्यामुळे आपल्या गल्लीत जोडणी कोण देतो, ही चौकशी आधी करायची.

फायबरमधून प्रकाश येतो, संगणकाला लागतात विजेचे संकेत. हे रूपांतर भिंतीवरची छोटी पेटी म्हणजे ओएनटी करते. बहुतेक वेळा वायफाय राउटरही त्याच पेटीत असतो. यात्रेतल्या फोनशी या जोडणीला टॉवरवरच्या जागेसाठी भांडावे लागत नाही.

एकेकाळी प्रत्येक वेळी संगणकावरूनच फोन नंबर फिरवून, नाव-पासवर्ड टाकून नेटवर जावे लागे. देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हाची ही पद्धत. आता कंपनीचे नाव-पासवर्ड राउटरमध्ये एकदाच भरले जाते. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता राउटरच वाटतो. संगणकात काही भरायचे उरत नाही. म्हणूनच कोणी ‘सेटिंग करून देतो’ म्हणत संगणकात भलतेच सॉफ्टवेअर टाकू लागले, तर थांबवलेले बरे.

वायफाय की वायर?

संगणक एका जागी असेल, तर वायर. राउटरपासून लॅन केबल ओढा, टोक संगणकात खोचा, काम झाले. ही केबल साधारण १०० मीटरपर्यंत नीट चालते. जाड भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झचे वायफाय पलीकडच्या खोलीत लवकर दमते. तिथे २.४ गिगाहर्ट्झ निवडा. वेग कमी, पण पोच जास्त.

वेगाचा हिशेबही समजून घ्या. जाहिरातीतले ४० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाईल मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरतील. यात फसवणूक नाही.

नेट बंद पडले तर?

आधी पेटीकडे पाहा. ‘एलओएस’चा लाल दिवा पेटला असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, संगणकाशी खटपट करू नका, तक्रार नोंदवा. दिवे ठीक असतील, तर पेटी अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करा. तेवढ्यानेही झाले नाही, तर लॅन केबल लावून बघा. केबलवर नेट चालले, तर दोष वायफायचा.

सगळेच दिवे विझले असतील, तर वीज गेली आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पेटी चालत नाही. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळते. विकत घेताना पेटीच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. अर्जाच्या शेवटच्या दिवशी रात्री भारनियमन असेल, तर उपयोगी पडेल.