मंद डोळ्यांनी उलगडलेलं गुपित
मेंदूचा कारभार : लेखांक ६

वसई तालुक्यातल्या नंदाखालच्या वाडीत सकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडणाऱ्या बाईकडे पाहिलं, की लक्ष जातं ते तिच्या हातांकडे. फुलं वेळेत मुंबईच्या बाजारात पोचायची तर हात झपाझप चालावेच लागतात. पण त्या हातांच्याही पुढे असतात तिचे डोळे. बोटं एका कळीला टेकतात न टेकतात, तोच नजर पुढच्या कळीवर गेलेली असते. इंग्लंडमधले संशोधक मायकेल लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली चहा करणाऱ्या माणसांच्या नजरेचं चित्रण करून नेमकं हेच मोजलं. किटली असो की कप, हात पोचण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी नजर तिथे हजर असायची.

ही नजर संथपणे सरकत जात नाही, ती उडी घेते. तिला सॅकेड म्हणतात. जागेपणी आपले डोळे सेकंदाला सुमारे तीन उड्या घेतात. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जातो. शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. मनगटी घड्याळावरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर जायला सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो.

एवढ्या वेगाची आपल्याला जाणीवही नसते. आरशासमोर उभं राहून आधी आपल्याच डाव्या डोळ्यात आणि मग उजव्या डोळ्यात पाहा. आलटून पालटून कितीही वेळा पाहिलं तरी डोळा हलताना दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र तो स्पष्ट हललेला दिसेल. उडीच्या त्या क्षणापुरतं मेंदू चित्राकडे जवळजवळ दुर्लक्षच करतो.

मग इतक्या झटपट संपणाऱ्या हालचालीवर मेंदू ताबा ठेवतो तरी कसा? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात सापडतो.

तिथे डॉ. नोशिर वाडिया मेंदूविकार विभाग सांभाळत होते. चालताना तोल जाणारे, बोलताना जीभ अडखळणारे आणि पेला उचलताना हात थरथरणारे रुग्ण त्यांच्याकडे येत. अशा माणसाला रस्त्यावरचे लोक सरळ दारुडा ठरवून मोकळे होतात. या रुग्णांचं दुखणं खरं तर लहान मेंदूचं होतं, आणि ते घराण्यातून चालत आलेलं होतं. बापाला, आत्याला, थोरल्या भावाला तेच झालेलं असायचं. लहान मेंदू झिजवणारे असे आनुवंशिक आजार जगाला आधीपासून ठाऊक होते. वाडिया आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी वेगळं काही टिपलं ते रुग्णांच्या डोळ्यांत.

त्यासाठी लागणारी तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर रुग्णासमोर दोन बोटं हातभर अंतरावर धरतात आणि सांगतात, "डोकं न हलवता या बोटाकडे पाहा, आता त्या बोटाकडे." निरोगी माणसाची नजर क्षणात पलीकडे जाते. या रुग्णांचे डोळे मात्र सावकाश, जणू ओढत नेल्यासारखे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात. आजार वाढलेला असला की काही जण आधी पापण्या मिटतात किंवा मानच वळवतात आणि मग नजर तिकडे नेतात. तोल जाण्याच्या इतर अनेक आजारांत डोळे थरथरतात किंवा नेम चुकवतात. इथे नेम बऱ्यापैकी साधत होता, हरवला होता तो वेग.

१९७१ साली वाडिया आणि स्वामी यांनी अशा नऊ भारतीय कुटुंबांचा अभ्यास 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि हा एक नवा आनुवंशिक आजार असल्याचं मांडलं. महागडी यंत्रं आणि जनुकांच्या चाचण्या तेव्हा हाताशी नव्हत्या. खाटेपाशी उभं राहून धीराने केलेलं निरीक्षण आणि घराघराची वंशावळ, एवढ्या भांडवलावर हे काम उभं राहिलं.

या मंद डोळ्यांचं मोल पुढे अमेरिकेतही कळलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड रॉबिन्सन हे अभियंता-शास्त्रज्ञ डोळ्यांच्या हालचालींचं गणित मांडत होते. सॅकेड म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, एकदा निघाला की वाटेत दिशा बदलता येत नाही, असा त्या काळी पुष्कळांचा समज होता. त्याला कारणही होतं. डोळ्याला दिसलेली गोष्ट मेंदूत पोचून तिच्यावर हुकूम निघेपर्यंत निरोगी माणसाची उडी संपलेली असते. वाटेत काही बदलता येतं का, हे तपासायला सवडच मिळत नाही.

मंद सॅकेडच्या रुग्णांत ती सवड मिळाली. डेव्हिड झी, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांवर केलेलं काम १९७६ साली प्रसिद्ध झालं. रुग्णाचा डोळा एका दिव्याकडे निघाल्यावर त्यांनी तो दिवा विझवून दुसरीकडे लावला. निघालेला डोळा अर्ध्या वाटेतच वळला. म्हणजे उडी सुरू झाल्यावरही मेंदूचा हिशेब चालूच असतो. डोळ्याला आपण किती हुकूम दिला, त्यामुळे तो कुठवर पोचला असेल आणि अजून किती जायचं आहे, याचा अंदाज मेंदू क्षणोक्षणी आतल्या आत घेत राहतो. उरलेलं अंतर शून्य झालं की हुकूम थांबतो. हात, पाय आणि जीभ यांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांनाही पुढे ही कल्पना फार उपयोगी पडली.

मग वेग का हरवतो? डोळा आडवा वळवण्यासाठी मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागातल्या काही चेतापेशी क्षणभर प्रचंड जोराने संकेत सोडतात, अगदी सेकंदाला हजाराच्या घरात. त्या धक्क्याने डोळ्याच्या खोबणीतला विरोध मोडून बुबूळ निघतं. या आजारात नेमक्या त्याच पेशी झिजतात. धक्का दुबळा पडतो, पण उरलेल्या अंतराचा हिशेब चालू असतो, म्हणून डोळा उशिरा का होईना, मुक्कामी पोचतो.

जनुक सापडलं १९९६ साली, आणि तेही एकाच वेळी तीन वेगवेगळ्या संशोधक गटांना. बाराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक माणसांत तो २२ वेळा असतो. आजारी माणसात तो ३३ किंवा त्याहून जास्त वेळा आढळतो. आजाराला आता एससीए-२ म्हणतात. १९९८ साली वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी 'ब्रेन'मध्येच मांडली आणि मंद सॅकेड ही एससीए-२ ओळखण्याची मोठी खूण असल्याचं दाखवलं. २०१२ साली वाडियांना पद्मभूषण मिळालं. २०१६ साली ते गेले.

क्यूबातल्या ओल्गिन प्रांतात हा आजार जगात सर्वाधिक आढळतो. तिथले संशोधक लुईस वेलास्केस पेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सदोष जनुक असलेल्या पण तोल अजून शाबूत असलेल्या माणसांचे डोळे मोजले. त्यांच्याही सॅकेडचा वेग घटलेला होता. पाय अडखळण्याच्या आधीच डोळे आजाराची वर्दी देत होते.

आपल्याकडच्या कुटुंबांनी यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हा आजार नात्यातल्या लग्नामुळे होतो, असं समजून कुणाला दोष देऊ नये. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आलं तरी तो होतो, आणि प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. दुसरं, पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून आला तर, तो बऱ्याचदा लवकरच्या वयात दिसू लागतो. म्हणून घरात तोल जाण्याचा आजार चालत आला असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला सगळी वंशावळ सांगावी. जनुकीय चाचणीचा निर्णय समुपदेशन घेऊनच करावा. आजार मुळापासून थांबवणारं औषध आज नाही. २०१७ साली उंदरांवरच्या प्रयोगात या जनुकाचं काम दाबणाऱ्या औषधाने हालचाली सुधारल्या. रुग्णांसाठी सिद्ध झालेला उपचार मात्र त्यातून अजून हाती आलेला नाही. नियमित व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव यांनी रुग्णाचं रोजचं चालणं-फिरणं पुष्कळ सुकर होतं, आणि ते आजच सुरू करता येतं.

(पुढील लेखांकात : विरारची लोकल गचके देत असताना हातातलं वर्तमानपत्र आपण वाचू कसं शकतो? कानाच्या आतला तोलमापक आणि डोळे यांच्या जोडीबद्दल.)