५४ सेकंदांचा हिशेब

एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. गणिताला वेळ तेवढाच, पण प्रश्न ५० आणि प्रत्येक प्रश्नाला गुण दुप्पट. इतक्या घाईत प्रत्येक सूत्र मुळापासून काढत बसणं परवडत नाही. त्यापेक्षा पर्यायांचीच उलटतपासणी घ्यावी.

नेहमीचंच उदाहरण: घर्षणरहित, हलक्या कप्पीवरून गेलेली दोरी, दोन टोकांना दोन वस्तुमानं. दोरीतला ताण किती? ताण हे बल. ज्या पर्यायाची मिती बलाची नाही, तो तिथेच बाद. आता एक वस्तुमान शून्य धरा. दुसरं मोकळं खाली पडेल, ताण शून्यच यायला हवा. ‘दोन्ही वजनांची सरासरी’ हा दिसायला सोज्वळ पर्याय मात्र अर्ध्या वजनाइतका ताण दाखवतो, म्हणून तोही गेला. (वस्तुमानं सारखी धरली असती, तर तो बिनबोभाट पास झाला असता. कोणती किंमत घालून बघायची, यातच खरी हुशारी.) टिकतं ते उत्तर असं: वस्तुमानांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज, गुणिले गुरुत्व त्वरण.

सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडणं हा निव्वळ आळस. जेईई मेनमध्ये बरोबरला ४, चुकीला उणे १. चारपैकी दोन पर्याय खात्रीने उडाले, तर अंदाजाने दिलेल्या उत्तराची सरासरी कमाई दीड गुण. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांत पर्यायच नसतात. तिथे गणित कागदावर मांडावंच लागतं.