गुलाबी प्लाझ्माचा घोळ

छत्तीसगडात 'सिकलिंग' म्हटलं की दवाखान्याच्या रांगेतल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. भिलाई-दुर्गपासून आपल्या गोंदिया-गडचिरोलीपर्यंत सिकलसेल हा रक्तदोष पसरलेला आहे. निदान सोपं: थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी, खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. पुढचा प्रश्न अवघड. दोन भावंडं, दोघंही 'एसएस', म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेली. एक नियमित शाळेत जातं, दुसरं वेदनांनी तळमळत पुन्हा पुन्हा भिलाईतल्या सेक्टर नऊच्या इस्पितळात भरती होतं. असं का?

उत्तराचा एक धागा मायक्रोआरएनएत आहे. सुमारे २२ अक्षरांचे हे आरएनएचे तुकडे. कुठलं प्रथिन किती बनावं, यावर त्यांचा लगाम. पहिला तुकडा १९९३ साली एका सूत्रकृमीत सापडला, त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४चं नोबेल मिळालं. सिकलसेलच्या तांबड्या पेशींत मिर-१४४ हा मायक्रोआरएनए वाढला की एनआरएफ२ हे संरक्षक प्रथिन दबतं आणि रक्तक्षय तीव्र असतो, असं २०१०मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं.

हे तुकडे प्लाझ्मातही, म्हणजे रक्तातल्या द्रवातही टिकतात, मग तिथेच मोजावेत की! पण घोळ इथेच आहे. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर पिवळसर प्लाझ्मा यायला हवा. तो गुलाबी दिसला, तर तांबड्या पेशी फुटल्या. त्यांच्यात मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. ते बाहेर सांडतात आणि आकडा फुगतो. हे तुकडे पीसीआरने मोजतात आणि त्यात दर फेरीला माल दुप्पट होतो, म्हणजे तीन फेऱ्यांचा फरक हा आठपटीचा. म्हणून मिर-४५१ची तुलना पेशी फुटल्या तरी फारसा न हलणाऱ्या मिर-२३एशी करतात. फरक सात-आठ फेऱ्यांवर गेला की नमुना संशयित.

एरवी अशा नमुन्यात दोष सुईचा किंवा वाहतुकीचा धरतात. सिकलसेलमध्ये पेशी शरीरातच फुटतात, तोच तर आजार! नमुना फेकावा तर रुग्णच वगळला जातो, ठेवावा तर आकड्यातलं किती आजाराचं आणि किती हाताळणीचं, ते कळत नाही. माझ्या मते या रुग्णांत निव्वळ प्लाझ्माच्या आकड्यावर विसंबू नये. पेशींतलं मोजमाप जास्त भरवशाचं.

तेव्हा सिकलसेलसाठी कुणी मायक्रोआरएनएचं महागडं पॅकेज गळ्यात मारू लागलं, तर पैसे मोडू नका. त्यापेक्षा लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांची साधी सिकलिंग चाचणी करा. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.